आधी वर्गमूळ, मग कोन

प्रश्न साधा दिसतो. ०.१६ किलोग्रॅम वस्तुमानाचा क्रिकेटचा चेंडू जमिनीशी ३० अंशांचा कोन करून वर मारला. बॅटवरून सुटताना त्याची गतिज ऊर्जा ७२ ज्यूल होती. तर त्या क्षणी त्याच्या संवेगाचे आडवा आणि उभा असे दोन घटक काढा. अकरावीच्या वर्गात हे गणित फळ्यावर लिहिले की बऱ्याच वह्यांत पहिली ओळ एकच उमटते: ७२ गुणिले कॉस ३०. पुढची आकडेमोड कितीही नेटकी असली तरी गणित तिथेच हुकलेले असते, कारण ज्या राशीला दिशाच नाही तिचे घटक पाडायला आपण निघालेलो असतो.

अकरावी-बारावीच्या आणि सीईटी, नीट, जेईईची तयारी करणाऱ्या मुलांना हा विषय किरकोळ वाटतो. पुस्तकात त्याला स्वतंत्र प्रकरण नाही. ऊर्जा एका धड्यात, सदिश दुसऱ्यात, टक्कर तिसऱ्यात. परीक्षेत मात्र हे तिन्ही धडे एकाच प्रश्नात येतात आणि तिथे घोळ होतो. तो टाळायला नवे काही शिकावे लागत नाही. नववीतल्या दोन व्याख्या आणि दहावीची त्रिकोणमिती एवढ्यावर भागते. क्रम तेवढा सोडायचा नाही.

आधी सूत्र उभे करू. गतिज ऊर्जा म्हणजे अर्धा गुणिले वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग. संवेग म्हणजे वस्तुमान गुणिले वेग. आता गतिज ऊर्जेला २ आणि वस्तुमान यांनी गुणून पाहा. अर्धा आणि दोन एकमेकांना खातात, उरतो वस्तुमानाचा वर्ग गुणिले वेगाचा वर्ग. म्हणजे संवेगाचाच वर्ग:

संवेगाचा वर्ग = २ × वस्तुमान × गतिज ऊर्जा

हे पाठ करायची गरज नाही, लागेल तेव्हा कोपऱ्यात एका ओळीत मांडता येते. वेग मधून निघून गेलेला आहे, हे मात्र लक्षात ठेवा. ऊर्जा दिली की आधी वेग काढायचा, त्याचे घटक पाडायचे आणि मग वस्तुमानाने गुणायचे, हा रस्ता चुकीचा नाही, पण लांबचा आहे आणि लांबच्या रस्त्यावर दशांश चिन्ह सांडण्याच्या जागा जास्त.

आपल्या चेंडूसाठी: २ × ०.१६ × ७२ = २३.०४. वर्गमूळ ४.८. एकक किलोग्रॅम मीटर प्रति सेकंद. गतिज ऊर्जेने आपल्याला दिले ते एवढेच, संवेगाचे परिमाण. चेंडू कुठे चालला आहे याबद्दल ७२ ज्यूल हा आकडा काही बोलत नाही. मिडविकेटला मारा, सरळ गोलंदाजाच्या डोक्यावरून मारा, ऊर्जा ७२ ची ७२च. दिशा प्रश्नातल्या दुसऱ्या माहितीतून आणायची असते. इथे ती ३० अंशांच्या रूपाने दिलेली आहे. आडवा घटक ४.८ × कॉस ३० म्हणजे ४.१६, उभा घटक ४.८ × साइन ३० म्हणजे २.४. गणित संपले.

आता त्या चुकलेल्या वहीत डोकावू. ७२ × कॉस ३० = ६२.३५ आणि ७२ × साइन ३० = ३६. या दोन ऊर्जा समजून प्रत्येकीचे सूत्राने वर्गमूळ काढले की आडवा घटक ४.४७ आणि उभा ३.३९ येतो. दोन्ही खऱ्या उत्तरापेक्षा मोठे. असे का झाले? ६२.३५ आणि ३६ यांची बेरीज करा: ९८.३५. चेंडूकडे होते ७२ ज्यूल आणि वहीत झाले ९८! पण या चुकीची खरी मेख पुढे आहे. हुशार विद्यार्थी उत्तर ताडून पाहतो, आणि सवयीने वर्गांची बेरीज करून पाहतो. ६२.३५ चा वर्ग अधिक ३६ चा वर्ग बरोबर ७२ चा वर्ग येतो. ताळा जुळला, म्हणून तो निर्धास्त पुढे जातो. कॉस आणि साइन यांच्या वर्गांची बेरीज एक असते, त्यामुळे कुठल्याही आकड्याला त्यांनी गुणले तरी हा ताळा जुळणारच. त्याने काहीच सिद्ध होत नाही. ऊर्जेचा ताळा साध्या बेरजेने करायचा, संवेगाच्या घटकांचा ताळा वर्गांच्या बेरजेने.

मग ऊर्जेचे भाग पडतच नाहीत का? पडतात. आडव्या घटकाचा वर्ग भागिले दोनदा वस्तुमान, म्हणजे १७.२८ भागिले ०.३२, येतात ५४ ज्यूल. उभ्या घटकाचे तसेच केले की १८ ज्यूल. बेरीज ७२. हे ५४ म्हणजे ७२ गुणिले कॉसचा वर्ग, आणि १८ म्हणजे ७२ गुणिले साइनचा वर्ग. ऊर्जेत कोन शिरतो तो नेहमी वर्ग होऊन, कारण तो संवेगातून शिरतो. ‘सर्वोच्च बिंदूवर गतिज ऊर्जा किती?’ हा स्पर्धापरीक्षांचा लाडका प्रश्न इथेच सुटतो. शिखरावर उभा घटक शून्य असतो, आडवा तसाच राहतो, म्हणून उरतात ५४ ज्यूल. ४५ अंशांना मारला असता तर निम्मी, ३६. पर्यायांत ७२ कॉस ३० चे उत्तर हटकून ठेवलेले असते, हे वेगळे सांगायला नको.

हाच चेंडू आणखी थोडा वर जाऊ द्या. हवेचा रोध सोडून द्या आणि गुरुत्वत्वरण १० धरा. जमिनीपासून ६.२५ मीटर उंचीवर त्याच्या संवेगाचे घटक किती? इथे कोन दिलेला नाही आणि काढतही बसायचे नाही. एवढ्या उंचीसाठी ०.१६ × १० × ६.२५ म्हणजे १० ज्यूल खर्च झाले. गतिज ऊर्जा उरली ६२. आडव्या दिशेने बल नाही, म्हणून आडवा घटक ४.१६ तसाच आणि त्याचे ५४ ज्यूलही तसेच. उभ्याच्या वाट्याला आले ८. आता सूत्र: २ × ०.१६ × ८ = २.५६, वर्गमूळ १.६.

इथे थांबा. वर्गमूळ अधिक १.६ आहे तसेच उणे १.६ सुद्धा आहे, आणि या गणितात दोन्ही उत्तरे खरी आहेत. चेंडू ६.२५ मीटर उंचीवरून दोनदा जातो, एकदा चढताना आणि एकदा उतरताना. ऊर्जेला हा फरक कळत नाही. प्रश्नात ‘खाली येताना’ असे दोन शब्द असतात, ते वाचून चिन्ह आपण लावायचे. माझ्या मते या विषयात जेवढे गुण सूत्र न आल्याने जातात, त्याहून जास्त या चिन्हापायी जातात. भिंतीवर आपटून त्याच वेगाने परत येणारा चेंडू घ्या. गतिज ऊर्जा आधी आणि नंतर सारखी, म्हणून संवेगातला बदल शून्य, असे लिहिणारे दर वर्षी निघतात. बदल असतो संवेगाच्या दुप्पट, कारण चिन्ह उलटलेले असते.

ऊर्जा आणि संवेग यांचा हा घोळ घालणारे तुम्ही पहिले नव्हेत, हे ऐकून थोडा धीर येईल. गतीचे खरे माप कोणते, वस्तुमान गुणिले वेग की वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग, यावर युरोपात पिढ्यानपिढ्या वाद चालला. देकार्तचे अनुयायी पहिल्या बाजूला. लायब्निट्झने १६८६ साली त्यांच्यावर हल्ला चढवून दुसरी बाजू मांडली. पुढे लायडनच्या ग्राव्हसांडेने पितळी गोळे मऊ मातीत वरून टाकून पाहिले. वेग दुप्पट झाला की खड्डा दुप्पट होत नव्हता, चौपट होत होता. एमिली द्यु शातले या फ्रेंच विदुषीने १७४० साली आलेल्या आपल्या भौतिकीच्या पुस्तकात लायब्निट्झची बाजू उचलून धरली. आज आपण म्हणतो की दोघांचेही बरोबर होते, फक्त दोघे दोन वेगवेगळ्या राशींबद्दल बोलत होते. एकीला दिशा आहे, दुसरीला नाही.

आता पुन्हा कामाकडे. दिशा दर वेळी कोनाच्याच वेषात येईल असे नाही, आणि मुले अडकतात ती इथे. कधी ती निर्देशकांत लपलेली असते: ‘२ किलोग्रॅमचा कण मूळबिंदूपासून (३, ४) या बिंदूच्या दिशेने जात आहे, गतिज ऊर्जा २५ ज्यूल.’ संवेगाचे परिमाण १०. दिशेसाठी टॅनचे कोष्टक उघडून ५३ अंश काढायचे आणि पुन्हा कॉस ५३ शोधायचा, हा द्राविडी प्राणायाम झाला. तीन, चार, पाचचा त्रिकोण समोर आहे. कॉस म्हणजे तीन पंचमांश, साइन म्हणजे चार पंचमांश. घटक ६ आणि ८. दिशा (−३, ४) अशी असती तर −६ आणि ८. सीईटी, नीट, जेईईला कॅल्क्युलेटर चालत नाही, त्यामुळे प्रश्न काढणाऱ्यानेही आकडे असेच निवडलेले असतात. कोन काढल्यावाचून चालत असेल तर काढू नये.

कधी एक घटक आधीच माहीत असतो. अर्धा किलोच्या वस्तूची गतिज ऊर्जा २५ ज्यूल आहे आणि आडवा घटक ३ आहे. २ × ०.५ × २५ = २५. त्यातून ३ चा वर्ग वजा केला, उरले १६, उभा घटक अधिक किंवा उणे ४. ही वजाबाकी कधी ऋण आली, तर वर्गमूळाची खटपट करू नका. एकतर तुमच्या आकडेमोडीत चूक झाली आहे, नाहीतर प्रश्नच चुकीचा आहे. संवेगाचा कुठलाही घटक एकूण संवेगापेक्षा मोठा असू शकत नाही.

आणि कधी दिशा दुसऱ्याच कणाकडून मिळते. स्थिर असलेले युरेनियम-२३८ चे केंद्रक फुटते, अल्फा कण एका बाजूला जातो, थोरियम-२३४ दुसऱ्या. मिळून ऊर्जा ४.२७ दशलक्ष इलेक्ट्रॉनव्होल्ट. आधी संवेग शून्य होता, म्हणून नंतर दोघांचे संवेग समान आणि विरुद्ध. संवेग समान असले की गतिज ऊर्जा वस्तुमानाच्या व्यस्त प्रमाणात वाटली जाते: अल्फाला २३८ पैकी २३४ हिस्से, म्हणजे ४.२० दशलक्ष. अल्फा कणाचे घटक एकदा काढले की थोरियमचे काढावे लागत नाहीत, चिन्हे बदलून लिहायची.

टक्करीचे एक गणित सावकाश पाहण्यासारखे आहे, आणि त्यासाठी कॅरमबोर्ड पुरतो. एक सोंगटी स्थिर आहे, तेवढ्याच वस्तुमानाची दुसरी तिला तिरकी येऊन लागते. बोर्डाचे घर्षण आणि टकरीत वाया जाणारी ऊर्जा सध्या बाजूला ठेवू. येणाऱ्या सोंगटीचा संवेग १०० मानू, दिशा आडव्या अक्षावर. टकरीनंतर ती मूळ दिशेपासून ३० अंश वर वळली. तर दोघींचे घटक काय? वस्तुमान सारखे आणि गतिज ऊर्जा अक्षय्य, म्हणून संवेगाच्या वर्गांची बेरीज टकरीआधी आणि नंतर सारखी. संवेग अक्षय्य, म्हणून नंतरचे दोन बाण आणि आधीचा एक बाण मिळून त्रिकोण होतो. ज्या त्रिकोणात दोन बाजूंच्या वर्गांची बेरीज तिसरीच्या वर्गाएवढी, तो काटकोन त्रिकोण. म्हणजे दोन्ही सोंगट्या एकमेकींशी ९० अंश करून निघतात, आणि दुसरी ६० अंश खाली जाते. पहिलीचा संवेग १०० × कॉस ३० म्हणजे ८६.६, त्याचे घटक ७५ आणि ४३.३. दुसरीचा संवेग ५०, घटक २५ आणि −४३.३. आडवी बेरीज १००, उभी शून्य. ऊर्जेचे वाटप तीन चतुर्थांश आणि एक चतुर्थांश. खऱ्या बोर्डावर हा कोन ९० हून जरा कमी भरतो, कारण टकरीत थोडी ऊर्जा जातेच. मोबाइलवर वरून व्हिडिओ काढून कोनमापकाने मोजून पाहा, एका दुपारचे काम आहे.

या सगळ्याचा उपयोग परीक्षेपुरताच आहे असे वाटत असेल, तर १९२७ साली न्यूयॉर्कच्या बेल प्रयोगशाळेत डेव्हिसन आणि जर्मर यांनी काय केले ते पाहा. त्यांनी ५४ व्होल्टने वेग दिलेले इलेक्ट्रॉन निकेलच्या स्फटिकावर सरळ, पृष्ठभागाला लंब असे सोडले. परतणारे इलेक्ट्रॉन ५० अंशांच्या कोनात ठळकपणे जास्त सापडले. आता आपल्याच पद्धतीने जाऊ. गतिज ऊर्जा ५४ इलेक्ट्रॉनव्होल्ट, तिचे ज्यूल करण्यासाठी १.६ × १० चा उणे १९ वा घात. इलेक्ट्रॉनचे वस्तुमान ९.१ × १० चा उणे ३१ वा घात. दोनदा वस्तुमान गुणिले ऊर्जा, त्याचे वर्गमूळ: ३.९७ × १० चा उणे २४ वा घात. हे परिमाण. कोन लंबापासून मोजलेला आहे, म्हणून पृष्ठभागाला समांतर घटक साइनने: ३.९७ × ०.७६६ = ३.०४, घात तोच. आत जाताना हा घटक शून्य होता. तो आला कुठून? निकेलच्या पृष्ठभागावर अणूंच्या ओळी एकमेकींपासून २.१५ अँगस्ट्रॉम अंतरावर आहेत. प्लांकचा स्थिरांक ६.६३ × १० चा उणे ३४ वा घात, त्याला या अंतराने भागा. येतात ३.०८, घात पुन्हा उणे २४. इलेक्ट्रॉन लाटेसारखा वागत असेल तर स्फटिकाकडून त्याला नेमका एवढाच आडवा संवेग मिळायला हवा. द ब्रॉय यांनी मांडलेली कल्पना अशी धातूच्या तुकड्यावर ताडून पाहता आली, आणि डेव्हिसनला १९३७ च्या नोबेलमध्ये वाटा मिळाला. यात ५४ ला साइन ५० ने गुणणारा विद्यार्थी कुठे पोचला असता, ते स्वतः करून पाहा.

एक मर्यादा सांगायला हवी. हे सूत्र प्रकाशाच्या वेगापेक्षा बरेच हळू जाणाऱ्या कणांसाठी आहे. ५४ इलेक्ट्रॉनव्होल्टला ते चालते, कारण इलेक्ट्रॉनची स्थिर ऊर्जा सुमारे ५ लाख ११ हजार इलेक्ट्रॉनव्होल्ट आहे. तोच इलेक्ट्रॉन १० लाख इलेक्ट्रॉनव्होल्टचा झाला की साधे सूत्र संवेग खऱ्यापेक्षा जवळजवळ तीस टक्के कमी दाखवते. तिथे आइन्स्टाइनचे सूत्र लागते. परिमाण काढायची रीत बदलते, घटक पाडायची नाही.

टक्केवारीचे प्रश्न चटकन उरकू. गतिज ऊर्जा ४४ टक्क्यांनी वाढली म्हणजे १.४४ पट झाली, संवेग १.२ पट, वाढ २० टक्के. दिशा तीच राहिली असेल तरच दोन्ही घटक २० टक्क्यांनी वाढतात, वळली असेल तर एखादा घटक कमीही होऊ शकतो. क्लासच्या नोट्समध्ये अशा प्रश्नांसाठी चौकटीत छापलेली उपसूत्रे असतात. ती पाठ करण्यात अर्थ नाही असे माझे मत. मूळ सूत्र एका ओळीत उभे राहत असताना पाच उपसूत्रांचे ओझे कशाला? त्यापेक्षा आकृती काढा. अक्ष कुठला, धन दिशा कुठली, कोन आडव्यापासून मोजला आहे की उभ्यापासून, हे कागदावर दिसले की कॉस आणि साइनची अदलाबदल होत नाही. आणि ग्रॅम दिसले की तिथल्या तिथे किलोग्रॅम करा. वस्तुमान वर्गमूळाच्या आत असते, त्यामुळे हजाराची चूक बाहेर ३१.६ पटीची होऊन येते आणि उत्तर पाहून ती ओळखूही येत नाही.

शेवटी एक गणित तुमच्यासाठी. २०० ग्रॅमचा दगड, गतिज ऊर्जा ४० ज्यूल, संवेगाचा आडवा घटक −२.४, दगड वर चढतो आहे. उभा घटक काढा आणि धन आडव्या अक्षापासूनचा कोनही सांगा. उत्तर ३.२ आणि सुमारे १२७ अंश यायला हवे. कोन ५३ आला असेल तर आकृती न काढता सोडवलेत, पुन्हा करा.